बगळा ओळखतो, कोण आलंय ते

रंगरेषा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चित्र काढायला जाते तेव्हा पिशवीत रंगपेटी, दुर्बीण, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कवितेचं पुस्तक असतं, असं. जवळजवळ सगळी पत्रं त्या पुस्तकावरच आली. रंगपेटीबद्दल कुणीच विचारलं नाही, याचा आनंद मानावा की राग धरावा ते ठरवतेय. ज्यांनी हे सदर आत्ताच उघडलंय त्यांच्यासाठी एवढंच : ३४ वर्षं एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, आता निफाड तालुक्यात राहते, जलरंगात निसर्ग आणि पक्षी काढते.

ताई, तुमचं वाचून मी बालकवींची ‘औदुंबर’ समोर ठेवून चित्र काढलं. झरा, टेकडी, चार घरं, पायवाट, डोह, झाड, सगळं त्यात आहे. तरी ते कॅलेंडरसारखं दिसतं. काय चुकलं?
(संगणक अभियंता, पुणे)

सगळं त्यात आहे, हेच दुखणं आहे. घाबरू नका, मी हेच चित्र तीनदा काढलंय आणि दोनदा फसलेय.

पहिल्यांदा काढलं ते ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करत असताना. तुमच्यासारखंच, एकही ओळ वगळली नव्हती. वर्गातल्या एका मुलाने मागून येऊन विचारलं, “हे कुठल्या बँकेचं?” दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि फक्त झाड काढलं. पाण्यात मुळं, वर पसारा. झाड बरं जमलं होतं, पण ते कुठलंही झाड होतं. वड म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मग मी ती कविता चित्र म्हणून वाचायचं सोडलं आणि चित्रकाराची टिपणवही म्हणून वाचायला लागले. कविता आठच ओळींची. तुम्हीही पेन्सिल घेऊन तिच्यातले रंग मोजा. हिरवा तीनदा येतो, निळासावळा एकदा, पांढरा एकदा, काळा दोनदा. एवढीच पॅलेट. आता आकाश शोधा. सापडणार नाही. पक्षी नाही, माणूस नाही, चार घरं आहेत पण एकाही चुलीतून धूर निघत नाही. निसर्गकविता म्हटलं की आपण जे जे गृहीत धरतो ते निम्मं त्या माणसाने बाहेरच ठेवलंय. तुमच्या चित्रात आकाश किती आहे? माझ्या पहिल्या चित्रात निम्मा कागद आकाश होतं, आणि वर पाखरांचे ते चार-पाच ‘व्ही’सुद्धा.

दुसरं, नजर कशी फिरते ते बघा. आधी जवळचा तट, पलीकडचा तट, मधे झरा. मग एकदम दूर, टेकडीपाशी, गाव. तिथून शेतमळ्यांच्या गर्दीतून ती पांढरी पायवाट तुम्हाला अडवी-तिडवी परत खाली घेऊन येते, थेट काळ्या डोहाशी. उजेडातून अंधारात. आणि तिथे पोचल्यावर तो ‘पाय टाकुनी जळांत बसला’ आहे. शेवटच्या ओळीपर्यंत झाडाचं नाव घेतलेलं नाही. कागदावर पांढरी जागा कुठे ठेवायची, सगळ्यात गडद ठिपका कुठे द्यायचा आणि तो सगळ्यात शेवटी का द्यायचा, हे मला कॉलेजात कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी कादवा नदीच्या काठी एका उंबराखाली दुपारी चार ते अंधार पडेपर्यंत बसले. मे महिना होता. पिकलेली उंबरं टपटप पाण्यात पडत होती आणि प्रत्येक पडण्यासरशी खालून मासे येत होते. झाडात तांबट चालू होता, एकसुरी ‘टुक टुक’, दिसला मात्र एकदाही नाही. साडेसहाला सावली पाण्यावर पसरली तेव्हा मला कवितेतला ‘गोड काळिमा’ म्हणजे काय ते कळलं. ती काळी नव्हतीच. तिच्यात लालसर ऊब होती, थोडी हिरवट झाक होती. ट्यूबमधला काळा लावला असता तर विहिरीत वाकून बघतोय असं वाटलं असतं. मी अल्ट्रामरीन निळा आणि लालसर तपकिरी बर्न्ट सिएना ओल्यावरच मिसळू दिले, कडेला चिमूटभर सॅप ग्रीन. चित्रात आता आहे ते एवढंच : खाली सावली, तिच्यात बुडालेली मुळं, आणि वर कोपऱ्यात कोऱ्या कागदाची बोटभर वाकडी पट्टी. ती पायवाट. गाव नाही, टेकडी नाही.

जाता जाता एक कुरकुर. बालकवी २८ वर्षांचे व्हायच्या आत, १९१८च्या मे महिन्यात, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. तेव्हापासून लोक त्या काळ्या डोहात त्यांचा मृत्यू शोधत आलेत. समीक्षकांनी शोधावा. पण ज्याने काळिम्याला गोड म्हटलंय तो त्या पाण्याला घाबरलेला नाही, आणि चित्र काढायला बसले की मला तेवढंच पुरतं.

तर तुमच्या चित्राला कात्री लावा. खरोखरची कात्री. कागदाचे दोन ‘एल’ आकाराचे तुकडे कापा, चित्रावर सरकवत बघा, कुठला वीतभर चौकोन कवितेसारखा वाटतो. तेवढाच पुन्हा काढा, प्रत्यक्ष झाडासमोर बसून.

बहिणाबाईंच्या ‘खोप्यामधी खोपा’मध्ये सुगरणीने घरटं बांधलं असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात घरटं नर बांधतो. मी ३० वर्षं विज्ञान शिकवलं, दर वर्षी मराठीच्या तासानंतर मुलांची चूक सुधारावी लागायची. वन्यजीव चित्रकाराने अशा कवितेवर विसंबावं का?
(निवृत्त शिक्षक, जळगाव)

सर, तुमचं पत्र वाचून आपल्या दोघांच्या स्टाफरूम शेजारी असत्या तर किती मजा आली असती असं वाटलं.

तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम ठोकून सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला आणि त्यांचा संसार कसा चालतो ते मांडलं. नर हिरव्या पात्या फाडून आणतो, अर्धं घरटं विणतो, टोपासारखं झालं की त्याला उलटं लोंबकळून पंख फडफडवतो आणि बायकांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-खेचून बघते. पसंत पडलं तर राहते. मग नर उरलेलं काम पुरं करतो आणि दुसरं घरटं बांधून दुसरीला बोलवायला मोकळा. म्हणजे ‘तिनं झोका झाडाले टांगला’ हे चूकच. पण पुढे बघा : ‘तिचा पिलामधी जीव’. अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं मुख्यतः तिच्याच गळ्यात असतं. तेव्हा निम्मे मार्क द्याल ना?

आता माझ्या कामाचं. त्याच कवितेत खोपा कसा विणलाय ते सांगताना त्या म्हणतात, ‘जसा गिलक्याचा कोसा’. मी नाशिक जिल्ह्यातली, आमच्याकडेही गिलकीच म्हणतात. पुणेकरांसाठी : घोसाळं. वेलावर वाळलेलं गिलकं सोलून आतली जाळी बघितली आहे? उभे धागे, त्यांना आडवे वेढे, मधे मधे हाताला लागणारी पोकळी, आणि सगळं मिळून एकही सरळ रेघ नाही. मी वर्षानुवर्षं सुगरणीचं घरटं टोपलीसारखं काढत होते, वर-खाली, वर-खाली, नीट विणीचं. ते नेहमी बाजारातून आणल्यासारखं दिसायचं. एका दिवाळीत अंग घासायला आणलेला गिलक्याचा तुकडा समोर ठेवला आणि त्याचा अर्धा दिवस अभ्यास केला. खरखरीत कागद, जवळजवळ कोरडा ब्रश, आणि शेवटी ब्लेडच्या टोकाने खरवडून काढलेले चारदोन उजळ धागे. पहिल्यांदा घरटं घरट्यासारखं दिसलं.

दुर्बिणीतून मला नर-मादी ओळखता येतात, त्यासाठी मला बहिणाबाई नकोत. वीण कशी असते हे मात्र मला दुर्बिणीने सांगितलं नाही. आसोद्यात जन्मलेल्या, शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने ते हातात घेऊन बघितलं होतं, आणि तिच्या घरात उपमाही हाताशीच होती.

माझ्या चित्रात पिवळ्या डोक्याचा नर अर्ध्या घरट्याला लटकलाय आणि मादी शेजारच्या बाभळीच्या फांदीवरून मान वाकडी करून कामाची तपासणी करतेय. एक बारकावा आपल्या माहितीसाठी : घरटं ताजं असताना हिरवं असतं, आठ-पंधरा दिवसांत वाळून पिवळट होतं. एकाच झाडावर हिरवी आणि वाळकी घरटी एकत्र काढली की कुठला नर नुकताच कामाला लागलाय ते आपोआप दिसतं.

माझ्या निसर्गचित्रावर कवितेच्या ओळी सुलेखनात लिहून ती विकली तर चालतं का?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आपल्या कायद्यात कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. बालकवी, बहिणाबाई आता सर्वांच्या झाल्या. ना. धों. महानोर २०२३ साली गेले, त्यांच्या ओळी हव्या असतील तर रीतसर परवानगी घ्या, नुसतं खाली नाव लिहून भागत नाही. चालतं का, याचं उत्तर झालं. शोभतं का, विचारलंत तर मी लिहीत नाही. जुन्या बारामासा चित्रांवर वरच्या पट्टीत पद्य असायचं आणि ते सुंदर दिसायचं, पण तिथे अक्षर आणि चित्र एकाच घराण्यातले असत. आपल्याकडे बहुतेक वेळा चित्र कमी पडलं की ओळ लिहितात.

बाई, मी तुमची १९९८च्या बॅचची. तुम्ही आम्हाला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीतसुद्धा कविता म्हणायला लावायच्या. आज मी वनपर्यटनाचे माहितीफलक करते, दिवसाला दहा पक्षी काढते. खरं सांगा, एखाद्या कवितेमुळे तुमचं काढलेलं चित्र कधी बदललंय का? की ते आम्हाला गप्प बसवण्यासाठी होतं?
(नागपूर)

गप्प बसवण्यासाठीही होतं. ४२ मुलं आणि मधे पाण्याचे ४२ डबे, तू शिक्षिका असतीस तर तूही म्हणायला लावल्या असत्यास.

पण विचारलंसच म्हणून सांगते, एक चित्र बदललं. खरं म्हणजे त्यानंतरची सगळीच.

निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मी चापडगावच्या बाजूने रोज सकाळी पाण्यावर जायची. एक लहान बगळा जलपर्णीच्या हिरव्या गालिच्यावर उभा असायचा. आठवडाभर स्केचेस करून मोठं चित्र केलं. प्रमाण अचूक, चोच अचूक, मान सरळ उंच, अगदी राजबिंडा. मला फार आवडलं होतं. तिथे पर्यटकांना पक्षी दाखवणारा एक मुलगा आहे, दहावीनंतर शाळा सोडलेला, त्याला दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “भारीय बाई. पण हा आता उडणारे.” मी म्हटलं कशावरून? “मान बघा ना. अंग बारीक केलंय त्याने. तुम्ही लई जवळ गेल्ता.”

मला रागच आला. घरी येऊन सगळी स्केचेस काढून बघितली. बावीस स्केचेस, बावीस ताठ माना.

यानंतर महिनाभराने नाशिकला जाताना बसमधे मी ‘गाथासप्तशती’ चाळत होते. तुमच्या फलकांवर हिचं नाव घालायची संधी मिळाली तर सोडू नकोस. हाल सातवाहन राजाच्या नावावरचा हा सातशे गाथांचा संग्रह, महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतला. सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. माझ्या घरावरून वाहणारी गोदावरीच खाली तिथे जाते, आणि गाथांमधे ती ‘गोला’ या नावाने भेटते. तर त्यातली अगदी सुरुवातीची, चौथी गाथा :

उअ णिच्चलणिप्फंदा भिसिणीपत्तम्मि रेहइ बलाआ।
णिम्मलमरगअभाअणपरिट्ठिआ संखसुत्ति व्व॥

बघ ना, कमळाच्या पानावर बगळी कशी शोभतेय, हलत नाही, डुलत नाही. निर्मळ पाचूच्या ताटात शंखाची शिंपली ठेवावी तशी.

मी वाचलं, छान आहे म्हटलं, पान उलटणार होते. खाली टिपेत होतं की अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त हीच गाथा उदाहरणाला घेतली आहे. त्याचं म्हणणं असं : बगळी हलत नाही, म्हणजे ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे, म्हणजे इथे माणसाची चाहूल नाही. म्हणजेच, ही जी बाई आपल्या माणसाला ‘बघ ना’ म्हणतेय, ती त्याला पक्षी दाखवत नाहीये, जागा मोकळी आहे असं सुचवतेय. आणि मम्मट पुढे आणखी एक शक्यता सांगतो, ती वाचून मी बसमधे मोठ्याने हसले. कदाचित ती त्याला म्हणतेय : खोटं बोलतोस, तू इथे आलाच नव्हतास. आला असतास तर ही उडाली नसती का?

बगळी साक्षीदार आहे, ग. कोण आलं, किती जवळ आलं, ते तिच्या मानेवर लिहिलेलं असतं. त्या पोराने दोन वाक्यांत सांगितलं ते हेच. माझ्या चित्रात मी स्वतःला कुठेच काढलं नव्हतं, तरी त्या ताठ मानेत मी उभी होते, पाण्याच्या काठाला, पांढरी टोपी घालून.

मग मी काय केलं ते सांगते, तुझ्या उपयोगाचं आहे. पांढरी टोपी कपाटात गेली. जुनी मेंदी रंगाची साडी पंजाबी ड्रेसवरून गुंडाळून बाभळीच्या आडोशाला, पाण्यापासून पहिल्यापेक्षा तिप्पट लांब बसायला लागले. पेन्सिल हातात घ्यायची नाही असा नियम. पहिली वीस मिनिटं पक्ष्यांना तुम्ही माहीत असता. पाऊण तासाने वारकरी पक्षी पुन्हा कुरकुरत उघड्या पाण्यावर आले, हळदीकुंकू बदकांची जोडी आली, मग बगळ्याची मान हळूहळू खांद्यांत उतरली. इंग्रजी ‘एस’ मिटत मिटत जवळजवळ गाठ झाली. पिसं सैल झाली, अंग दीडपट गोल दिसायला लागलं, एक पाय पोटाखाली गेला. तेव्हा पेन्सिल. आठवड्यातून असं एखादंच स्केच मिळतं.

आता पुन्हा गाथेकडे जा आणि शिंपली बघ. ताठ मानेच्या बगळ्याला कुणी शिंपली म्हणेल का? तो काठी दिसतो, बाण दिसतो. मान आत घेऊन गोल झालेला बगळाच शिंपलीसारखा दिसतो. म्हणजे ज्या कुणी ही गाथा रचली त्याने, किंवा तिने, आधी पाऊण तास बसून घेतलेलं आहे.

आणि रंग. पांढऱ्याला शंख म्हटलंय. शंख दुधासारखा किंवा कागदासारखा पांढरा नसतो, त्याला पिवळसर-गुलाबी जिवंत झाक असते. मी पांढरा रंग लावत नाही, कागद सोडते, हे तुला आठवत असेल, किती ओरडायचे मी पोस्टरच्या पांढऱ्यावरून. आता सोडलेल्या कागदावरही पिवळसर रॉ सिएनाचा इतका पातळ हात देते की ओला असतानाच दिसतो. सावलीला कोबाल्ट आणि बर्न्ट सिएना. पोटाखाली मात्र निळं नको, तिथे खालच्या पानांचा हिरवा वर उडालेला असतो. पाचूचं ताट शेजारी ठेवलंय ते उगीच नाही.

तुझे दिवसाला दहा पक्षी बहुधा फोटोवरून होतात. त्यात काही गैर नाही, पोट आहे. पण फोटो निवडताना मानेकडे बघ. फलकावर दचकलेला पक्षी लावलास तर येणारा प्रत्येक पर्यटक पक्ष्याला तसाच बघायला शिकेल, आणि तेवढ्याच जवळ जाईल.

श्रावणातलं ऊन-पाऊस प्रत्यक्ष बसून रंगवायला गेलो की दरवेळी कागदाचा चिखल होतो. ‘क्षणात येते सरसर शिरवे’ हे जलरंगात जमतं तरी का?
(हौशी चित्रकार, रत्नागिरी)

रत्नागिरीत, श्रावणात, बाहेर? तुमच्या धाडसाला नमस्कार. तिथल्या हवेत पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात बालकवींचं ऊन चारदा येऊन जातं.

शाळेतलं ‘स्मरणचित्र’ आठवा. आपण ते परीक्षेपुरतं ठेवलं, पण श्रावणासाठी तोच उपाय. जागेवर फक्त पेन्सिल आणि शब्द. मी उजेडाला एक ते नऊ आकडे देते : एक म्हणजे कोरा कागद, नऊ म्हणजे ओली काळी ढेकळं. डोंगर सहा, सर पाच, सरीमागून ऊन पडलेलं भातखाचर दोन. सहाशेजारी दोन आले की ऊन पडलंच, पिवळा रंग ओतायची गरज उरत नाही. मग घरी येऊन पंख्याखाली, तासाभरात, आठवण शिळी व्हायच्या आत रंगवायचं. आणि कागद चौरस मीटरला तीनशे ग्रॅमचा, सुती घ्या. पातळ कागदावर कुठलाच श्रावण टिकत नाही. उरलेले कागद कापूर घालून पिशवीत बांधून तांदळाच्या डब्याजवळ नका ठेवू, गेल्या वर्षी माझ्या कागदांना बुरशी आणि तांदळाला कापराचा वास, दोन्ही लागलं.

त्याच कवितेत ‘बलाकमाला’ आहे, उडत जाणारी बगळ्यांची माळ. कालिदासाच्या ‘मेघदूता’तही मेघाच्या भेटीला बलाका माळ करून येतात, म्हणजे शब्द बराच फिरून आलेला आहे. ती काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. उडताना बगळा मान आखडून घेतो, पाय मागे ताणतो. मान ताणून उडतात ते करकोचे आणि क्रौंच. माळ पण सरळ नको. एखादा मागे पडलेला, दोघे एकमेकांवर आलेले, मधे दोन मणी निसटल्यासारखी मोकळी जागा. ओवताना दोरा सैल सुटलेला असावा तशी.

बगळ्याचे पाय कोणत्या रंगाचे? आमच्या बाईंनी पिवळे सांगितले, आजोबांनी काळे सांगितले.
(इयत्ता तिसरी, लासलगाव)

दोघेही बरोबर असू शकतात, भांडण लावू नकोस. लहान बगळ्याचे पाय काळे आणि पंजे पिवळे, जणू पिवळे मोजे. त्याची चोच काळी असते. गुरांच्या मागे मागे फिरतो तो गाय बगळा, त्याची चोच पिवळी, त्याला हे मोजे नसतात. लासलगावहून नांदूरमध्यमेश्वर फार लांब नाही, आजोबांना घेऊन ये. लहान बगळा चिखलात उभा असला तर पंजे दिसणार नाहीत. जरा लांबच बसा. खालचे किडे उठवायला तो एक पाय पुढे करून चिखल ढवळतो, आणि मग पाय उचलतो. तेव्हा दिसेल.